तुम्ही विचारलेत म्हणून: माणसे मेली असताना हक्क कसे सुचतात?

दहशतवादी हल्ल्यांनंतर होणाऱ्या कायद्यांविषयी मी बरीच वर्षे लिहीत आणि बोलत आले आहे, आणि व्याख्यान संपले की बहुतेक वेळा श्रोत्यांमधून एकच प्रश्न येतो. कधी तो संतापाने विचारलेला असतो, तर कधी खरोखर समजून घेण्यासाठी. मृतांच्या चिता विझलेल्या नसताना तुम्हाला आरोपींच्या हक्कांची काळजी कशी सुचते, आणि ज्याने काही केलेले नाही त्याने कडक कायद्याला भ्यावे तरी कशाला?

या संतापाला मी कमी लेखत नाही. रेल्वेच्या डब्यात, बाजारात किंवा प्रार्थनास्थळी केवळ हजर असल्यामुळे माणूस मारला जाऊ शकतो हे दिसल्यावर सरकारने ताबडतोब काहीतरी करावे असे कोणालाही वाटेल. संशयितांवर पाळत ठेवायला किंवा रीतसर परवानगी घेऊन त्यांचे फोन ऐकायलाही माझा विरोध नाही. मला खटकतो तो आपला हिशेब. सुरक्षेसाठी थोडे स्वातंत्र्य सोडायला आपण तयार आहोत असे म्हणताना ते स्वातंत्र्य आपले स्वतःचे आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला विमानतळावरची लांब रांग येते, आणि कोठडीतली वर्षे येतात ती ज्याचा धर्म, भाषा किंवा वस्ती हल्लेखोराशी जुळते अशा माणसाच्या वाट्याला. त्याची संमती कोणी घेतलेली नसते.

ब्रिटनचे उदाहरण मी नेहमी देते, कारण तिथे हा सगळा प्रवास शेवटपर्यंत पाहता येतो. 21 नोव्हेंबर 1974 रोजी बर्मिंगहॅममधील दोन मद्यगृहांत बॉम्बस्फोट होऊन 21 माणसे मेली. त्यानंतर अवघ्या आठ दिवसांत, म्हणजे 29 नोव्हेंबरला, दहशतवाद प्रतिबंधक कायदा अमलात आला आणि आरोप न ठेवता संशयिताला सात दिवसांपर्यंत कोठडीत ठेवण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. हे अधिकार अतिकठोर आहेत याची कबुली खुद्द गृहमंत्री रॉय जेंकिन्स यांनी संसदेत दिली होती. कायदा तात्पुरता आहे एवढाच दिलासा होता. तो तात्पुरता कायदा मुदतवाढ घेत आणि नव्या रूपांत पुन्हा मंजूर होत पंचवीस वर्षे टिकला, आणि 2000 साली त्याची जागा कायमस्वरूपी कायद्याने घेतली. या कायद्याखाली सर्वांत आधी पकडल्या गेलेल्यांमध्ये इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील स्फोटांचे चार आरोपी होते. कोठडीतल्या कबुलीजबाबांवर त्यांना 1975 मध्ये जन्मठेप झाली. पुढे दुसऱ्याच खटल्यातील आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या सदस्यांनी हे स्फोट आपण केल्याचे 1977 मध्ये सांगितले, तरीही आधीच्या चौघांची शिक्षा रद्द व्हायला 1989 उजाडले. स्फोट घडवणाऱ्यांवर त्या गुन्ह्याचा खटला कधी चाललाच नाही. कडक कायद्याने निदान खरे गुन्हेगार तरी सापडतात, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

भारतात 1985 साली आलेल्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्याने 1987 च्या नव्या रूपात पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य ठरवला. त्याआधी शतकभराहून अधिक काळ आपल्या पुरावा कायद्याने तो नाकारला होता, आणि त्यामागे कोठडीत माणसाचे काय होते याची वसाहतकालीन सरकारलाही असलेली जाणीव होती. टाडाची मुदत 1995 मध्ये वाढवली गेली नाही. 2002 मध्ये आलेला पोटा हा दहशतवादविरोधी कायदा 2004 मध्ये रद्द झाला. मात्र पोटातील बऱ्याच तरतुदी त्याच वर्षी 1967 च्या यूएपीए, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात घालण्यात आल्या. टाडा आणि पोटा यांना ठरावीक मुदत होती, त्यामुळे सरकारला कधी ना कधी संसदेपुढे येऊन त्यांचे समर्थन करावे लागत असे. यूएपीएला मुदतच नाही. मुंबईवरील 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर त्यात झालेली दुरुस्ती डिसेंबरमध्ये दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून मंजूर झाली. आरोपपत्राविना कोठडी 180 दिवसांपर्यंत वाढवता येऊ लागली आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तरी जामीन नाकारणे न्यायालयाला बंधनकारक झाले.

निर्दोष असेल तर सुटेलच ना, असे यावर कोणीतरी म्हणतेच. सुटतो, पण कधी ते पाहावे लागते. सप्टेंबर 2002 मध्ये गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर भीषण हल्ला झाला. त्या प्रकरणी पोटा न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवले, त्यांतल्या तिघांना फाशी सुनावली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने 16 मे 2014 रोजी सहाही जणांची निर्दोष मुक्तता करताना कबुलीजबाब अविश्वसनीय ठरवले आणि खटल्याला मंजुरी देताना सरकारने विचारच केला नव्हता असे ताशेरे ओढले. तोवर काही जणांची दहाहून अधिक वर्षे तुरुंगात गेली होती.

याउलट अजमल कसाबचे प्रकरण पाहावे. अनेक वकिलांनी त्याचे वकीलपत्र घ्यायला नकार दिला होता, आणि त्या दिवसांतला संताप पाहता ते अनपेक्षितही नव्हते. तरी न्यायालयाने त्याला वकील दिला, कबुलीजबाब दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवला गेला आणि तीन पायऱ्यांवर सुनावणी झाली. खून आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे ही त्याच्यावर सिद्ध झालेली मुख्य कलमे 1860 च्या दंड संहितेतली होती. हल्ल्यापासून चार वर्षांच्या आत शिक्षेची अंमलबजावणी झाली आणि त्या निकालावर कोणालाही सहज बोट ठेवता आले नाही.

अशा कायद्यांचे ओझे दुसऱ्यांवरच पडते या माझ्या म्हणण्याला एक अपवाद आहे, आणि तो अमेरिकेतला आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर दीड महिन्यात सरकारचे पाळतीचे अधिकार वाढवणारा पेट्रियट कायदा झाला. सिनेटमध्ये त्याच्या विरोधात रस फाइनगोल्ड यांचे एकच मत पडले. त्याच कायद्याच्या आधारे सरकार कोट्यवधी सामान्य नागरिकांच्या फोनच्या नोंदी जमा करत असल्याचे जून 2013 मध्ये गुप्तचर संस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने उघड केले. इथे ओझे खरोखर सर्वांवर पडले होते. नागरी स्वातंत्र्यावर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी देखरेख मंडळाने जानेवारी 2014 मध्ये या नोंदींमुळे दहशतवादाच्या एकाही तपासाला ठोस हातभार लागल्याचे आढळले नाही असा अहवाल दिला, आणि 2015 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ही सरसकट साठवणूक थांबवली. झळ आपल्याला लागली तेव्हा दोन वर्षांत कायदा बदलला. दहशतवादाच्या परदेशी संशयितांसाठी क्युबात उघडलेला अमेरिकेचा ग्वांतानामोचा तुरुंग 2002 पासून आहे, आणि तिथे अमेरिकी मतदार नसल्यामुळे तो बंद करण्याचा 2009 मधला आदेश अमलात आलाच नाही. हा अपवादही शेवटी माझ्याच बाजूने बोलतो, असे मला वाटते.

मग काय हवे, असे विचाराल तर माझ्या मागण्या अगदी रुक्ष आहेत. असाधारण अधिकार देणाऱ्या प्रत्येक कायद्याला मुदत असावी, कबुलीजबाब दंडाधिकाऱ्यासमोरच व्हावा आणि खटला वेळेत उभा राहत नसेल तर जामीन मिळावा. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये एका यूएपीए प्रकरणात, दीर्घ विलंब झाल्यास घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, हे मान्य केलेलेच आहे. चौथी मागणी भरपाईची आहे, आणि ती ऐकताना सभागृहात सर्वांत जास्त चुळबुळ होते. आपल्या सुरक्षेसाठी दुसऱ्याची दहा वर्षे खर्ची पडली असतील तर तो खर्च निदान सार्वजनिक तिजोरीतून भरून द्यावा, इतकेच मी म्हणते. अक्षरधाम प्रकरणातून सुटलेल्यांनी भरपाई मागितली तेव्हा त्यातून चुकीचा पायंडा पडेल अशा कारणाने ती मिळाली नाही. चुकीच्या खटल्यांत भरडल्या गेलेल्यांना भरपाईचा कायदेशीर हक्क द्यावा अशी शिफारस विधी आयोगाने आपल्या 277 व्या अहवालात 2018 मध्ये केली. हल्ल्यानंतरची दुरुस्ती दोन दिवसांत मंजूर करणाऱ्या संसदेने त्या शिफारशीवर अजून कायदा केलेला नाही.