सागाच्या पानाचा छाप, सुती कापडावर

खऱ्या पानांच्या छापाची कापडं हल्ली प्रदर्शनांतून बरीच दिसतात. इको-प्रिंट या नावाने ही पद्धत जगभर गेली, त्यात ऑस्ट्रेलियाच्या कलाकार इंडिया फ्लिंट यांच्या निलगिरीच्या पानांच्या कामाचा मोठा वाटा आहे. पण निलगिरीचा रंग लोकर आणि रेशीम सहज धरतात. सुती कापडाला तयारी लागते, आणि छाप बिघडतो तो बहुतेक वेळा याच टप्प्यावर.

मीटरभर कापडाचं वजन साधारण १५० ग्रॅम धरू. आधी ८ ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा. नव्या कापडावरची खळ निघाली नाही तर छाप ठिपक्याठिपक्यांचा येतो. मग ३० ग्रॅम हिरडा पूड गरम पाण्यात कालवून, गाळून, त्यात कापड रात्रभर भिजवा. न धुता पिळून वाळवा. दुसऱ्या दिवशी २२ ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात तसंच रात्रभर ठेवा आणि हलकं खंगाळा.

सागाचं पान कोवळंच हवं. पावसाळ्याच्या सुरुवातीची शेंड्याकडची पालवी बोटांत चुरडली की बोटं लाल होतात, तीच घ्यायची. जून पान चुरडून लाल होत नसेल तर त्याचा नाद सोडा. तुरटीच्या कापडावर कोवळं पान लालसर जांभळं उतरतं. गडद कडा हवी असेल तर लिटरभर पाण्यात अर्धा चमचा हिराकस (लोखंडाचा क्षार, फेरस सल्फेट) विरघळवून पान त्यात बुडवा आणि फडक्याने नीट टिपून घ्या. हे टिपणं टाळू नका. हिरड्याच्या कापडावर हिराकसाचा एक थेंब पडला तरी राखाडी डाग बसतो आणि तो निघत नाही. शिवाय हिराकस जास्त झाला की कापड कालांतराने विरतं.

कापड ओलसर असावं, पिळल्यावर थेंब गळता कामा नये. पाणी जास्त झालं तर रंग पानाच्या कडेबाहेर पसरतो. पानाची शिरांची बाजू कापडाला लावा. जाड देठ कापून टाका, नाहीतर त्याच्या दोन्ही बाजूंना पोकळी राहून तिथे छापच पडत नाही. वर प्लास्टिकचा कागद पसरून सगळं बांबूवर गुंडाळा आणि सुतळीने अंगात असेल तेवढा जोर लावून आवळा. माझ्या मते अर्धं काम या आवळण्यात आहे. शिरांचं जाळं उमटतं ते दाबामुळे.

दीड ते दोन तास वाफवा, गुंडाळी पूर्ण गार झाल्यावरच सोडा. यासाठीची भांडी स्वयंपाकात परत वापरू नका. सावलीत वाळवून आठवडाभर तसंच ठेवा, मग रिठ्याच्या पाण्यात धुवा. वापरताना लिंबू किंवा चिंच सांडली तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, कारण आंबटाने हिराकसाची काळी रेघ फिकी पडते.