दुचाकीवरच्या थंडीसाठी जाड लोकर

यंदा स्वेटरला हात लावायचा नाही, हे दिवाळी आटोपल्याबरोबर ठरवून टाकलं. नागपूरची खरी थंडी नोव्हेंबरच्या शेवटाला सुरू होते आणि महाशिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते. पातळ लोकरीचा मोठ्या मापाचा स्वेटर तेवढ्यात सुयांवरून उतरला तर उतरला, नाहीतर घरात पंखे सुरू झाल्यावर बाह्या जोडत बसायची वेळ येते. शिवाय इथली थंडी दिवसभराची नाहीच. सकाळी साडेसहाला गाडी काढताना बोटं वळत नाहीत आणि दुपारी एकला उन्हात उभं राहवत नाही. गळा, मनगटं, कान आणि डोकं एवढं झाकलं की भागतं, आणि ऊन चढलं की ते काढून पर्समध्ये टाकता येतं. म्हणून या हिवाळ्यात फक्त लहान वस्तू, त्याही जाड लोकरीच्या आणि झटपट होणाऱ्या.

२९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. त्या सकाळी ज्यांनी गाडी चालवली असेल त्यांना वेगळं सांगायला नको की थंडी अंगात शिरते ती कॉलरमधून आणि बाहीच्या तोंडातून. जॅकेट कितीही चांगलं असलं तरी या दोन फटी उरतातच. यंदाचं माझं सगळं विणकाम या दोन फटींभोवतीच फिरलं आहे.

आधी लोकरीबद्दल. जाड लोकर ऊबदार असते ती तिच्या तंतूंमध्ये आणि टाक्यांमध्ये हवा अडकून राहते म्हणून. बारीक सुईवर घट्ट विणून तीच लोकर पुठ्ठ्यासारखी केली तर वजन वाढतं, ऊब वाढत नाही. मोठ्या सुईवर सैल विणली की हात लावल्याबरोबर मऊ आणि फुगीर लागते. घरात बसायला ते उत्तमच. पण गाडीवर तीच सैल वीण उघडी पडते. चाळीसच्या वेगाने जाताना वारा टाक्यांमधून थेट आत येतो आणि अडकलेली गरम हवा घेऊन जातो. म्हणून चालायला जाताना घालायची वस्तू आणि गाडीवर घालायची वस्तू यांची वीण वेगळीच हवी, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. गाडीसाठी सुई एक-दोन नंबरने बारीक, वीण दोन्ही बाजूंनी भरलेली, आणि कापड दुहेरी.

सुईच्या नंबरांबद्दल इथेच सांगते, कारण जाड लोकरीकडे वळणाऱ्या बहुतेक जणी इथे अडखळतात. आपल्या घरांमध्ये आई-आजीच्या पेटीत ८, १०, ११ नंबरच्या सुया असतात. हे जुने इंग्लिश नंबर, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलीमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. जाड लोकरीला लागते ती ३ नंबर (साडेसहा मिलीमीटर), ० नंबर (८), ०० (९) किंवा ००० (१०). नव्या नमुन्यांमध्ये मिलीमीटरच लिहिलेलं असतं, तेव्हा दुकानात नंबर न सांगता मिलीमीटर सांगावं, घोळ होत नाही.

लोकरीच्या वेष्टनावर १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते पाहायचं. १२ ते १५ टाके म्हणजे चंकी, ७ ते ११ म्हणजे सुपर चंकी. बर्डीवर आणि इतवारीत नेहमीची लोकर ढिगाने मिळते, पण चंकीत मनासारखा रंग मिळेलच असं नाही. त्याला माझा उपाय म्हणजे नेहमीच्या मध्यम जाडीच्या लोकरीचे तीन धागे एकत्र धरून विणणं. तीन धागे मिळून चंकीची जाडी येते. दोन धागे गडद आणि एक फिका घेतला तर जो ठिपकेदार रंग तयार होतो, तो कुठल्याही तयार लोकरीत मिळत नाही. मी दोन ॲक्रिलिक आणि एक खऱ्या लोकरीचा असे घेते. नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात निव्वळ ॲक्रिलिक डोक्यावरून काढताना चटचट आवाज करतं आणि केस उभे राहतात. खरी लोकर हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यामुळे हा त्रास बराच कमी होतो. धुताना मात्र सगळं खऱ्या लोकरीच्या नियमाने, कोमट पाण्यात आणि न चोळता.

आता वस्तू. गळ्यासाठी आधी मफलरच मनात होता, पण मफलरचं सुटं टोक गाडीवर धोक्याचं. मागे उडून चाकात अडकू शकतं. त्यामुळे टोकं नसलेली गोल पट्टी केली आणि ती दोन वेढ्यांत घालायची ठेवली. दोन वेढे म्हणजे आपोआप दुहेरी कापड, वारा तिथेच अडतो.

साडेसहा मिलीमीटरच्या सुईवर २७ टाके. टाक्यांची संख्या चारच्या पटीत अधिक तीन अशी हवी, एवढंच लक्षात ठेवायचं. प्रत्येक ओळ सारखीच: दोन सुलट, दोन उलट, असं शेवटच्या तीन टाक्यांपर्यंत, मग दोन सुलट, एक उलट. पुढची ओळही हीच, त्याच्या पुढचीही हीच. टाके दरवेळी एका घराने सरकतात, त्यामुळे नेहमीच्या बॉर्डरसारख्या सरळ रेघा न येता खोल, दाट चर पडतात आणि पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. सुलटी बाजू कुठली, उलटी कुठली हा प्रश्नच येत नाही, कडा वळत नाहीत. टीव्ही बघताना, भाजी शिजताना, कुणाशी बोलताना हात चालू राहतात. ४४ इंच झाल्यावर सुरुवातीच्या कडेचे टाके दुसऱ्या सुईवर उचलायचे, दोन्ही सुया शेजारी धरायच्या आणि तिसऱ्या सुईने दोन्हीकडचा एकेक टाका एकत्र विणत बंद करत जायचं. जोड पक्का बसतो. ही वीण लोकर भरपूर खाते, १०० ग्रॅमचे दोन गुंडे पूर्ण लागले. पण यंदाच्या सगळ्या वस्तूंमध्ये मला सगळ्यात जास्त आवडलेली हीच.

शेजारच्या काकू तीन धाग्यांचं हे काम बघून म्हणाल्या, “एवढी जाड लोकर घेऊन काय करून राहिली वं? गोधडी शिवतेस का?” नंतर गळ्यात घालून आरशात पाहिली आणि त्यांच्यासाठीही एक सांगून गेल्या, मरून रंगात. काकूंचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार. त्यांनी ११ नंबरच्या सुयांवर जाळीदार नक्षीचे स्वेटर विणलेले आहेत. आता त्याही ८ मिलीमीटरच्या सुया मागून नेतात.

मनगटांच्या बाबतीत बराच विचार करावा लागला. जाड हातमोजा गाडीवर चालत नाही. तळव्यात जाड कापड आलं की मुठीची पकड जाते, ब्रेकचा अंदाज येत नाही. थंडी शिरते मनगटाशी आणि जाडी नडते तळव्याशी, हे कळल्यावर धागाच कमी करण्याची युक्ती जमली. सुरुवात तीन धाग्यांनी, साडेसहाची सुई, २६ टाके, दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डर. (सरळ सुयांवर विणून शिवायचं आहे, म्हणून दोन्ही टोकांना सुलटच्या जोड्या याव्यात अशी ही संख्या.) कोपराकडून पंजाकडे साधारण पाच इंच झालं की एक धागा कापून टाकायचा, ५ मिलीमीटरची सुई घ्यायची आणि त्या ओळीत चार टाके वाढवून ३० करायचे. पुढे दोनच धाग्यांनी साधी वीण (एक ओळ सुलट, एक ओळ उलट), बोटांच्या मुळापर्यंत, आणि शेवटी पुन्हा दोन-तीन ओळी बॉर्डर, म्हणजे कड गुंडाळत नाही. शिवताना अंगठ्यासाठी दोन इंचांची फट सोडायची. वरचा जाड भाग जॅकेटच्या बाहीवरून ओढून घेतला की फट बंद. बोटं उघडीच राहतात, तेव्हा ज्यांना लांब जायचं त्यांनी आतून पातळ हातमोजा घालावा. ही जोडी मी सकाळच्या शाळेसाठी रोज वापरते आहे.

टोपी ही चालणाऱ्यांची वस्तू. हेल्मेटच्या आत जाड टोपी किंवा कानपट्टी घालू नये, हे आवर्जून सांगते. हेल्मेट वर उचललं जातं, पट्टा नीट बसत नाही आणि मग त्या हेल्मेटचा उपयोगच उरत नाही. माझी टोपी सकाळी अंबाझरीला फिरायला जाणाऱ्या बाबांसाठी. इथे मात्र सुपर चंकी, ९ मिलीमीटरची सुई आणि सैल, फुगीर हात.

गोल सुईवर (दोन टोकं लवचीक तारेने जोडलेली सुई) ४८ टाके. माझ्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये साडेनऊ टाके बसतात, म्हणजे घेर जेमतेम ५० सेंटिमीटर होतो. डोकं ५६ चं असलं तरी टोपी ताणून बसायला हवी, म्हणून पाच-सहा सेंटिमीटर कमीच ठेवायचं. तीन बोटं बॉर्डर, मग सगळं सुलट. उंची १५ सेंटिमीटर झाली की टाके कमी करायला घ्यायचे: चार सुलट आणि दोन एकत्र, असं आठ वेळा. एक फेरी साधी. मग तीन सुलट, दोन एकत्र, पुन्हा साधी फेरी. मग दोन सुलट, दोन एकत्र, पुन्हा साधी. त्यानंतर दोन फेऱ्या लागोपाठ कमी करत जायच्या, म्हणजे आठच टाके उरतात. त्यांच्यातून धागा ओवून आवळायचा. टोपीला १०० ग्रॅमपेक्षा थोडी जास्त लोकर लागली. सरळ सुयांवर करायची असेल तर शिवणीसाठी दोन टाके जास्त, म्हणजे ५० घालावेत. गोल सुईचा दुसरा फायदा हा की विणलेल्या भागाचं वजन मांडीवर राहतं. लांब सरळ सुयांवर ते मनगटांवर येतं आणि जाड लोकरीत ते चांगलंच जाणवतं. अर्ध्या तासाने हात झटकून थोडं थांबलेलं बरं.

काकूंची मरून पट्टी जुन्या स्वेटरच्या लोकरीतून झाली. ज्यांच्या कपाटात असे स्वेटर पडून आहेत त्यांनी आधी आतली शिवण तपासावी. प्रत्येक भाग कडेपर्यंत विणून मग जोडलेला असेल तर शिवण उसवल्यावर धागा सलग निघतो. कापून मशीनने ओव्हरलॉक केलेला असेल तर प्रत्येक ओळीला तुकडा पडतो, त्यात वेळ घालवू नये. निघालेला कुरळा धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवून हलक्या वजनाने टांगून ठेवायची. आपल्याकडची डिसेंबरची हवा इतकी कोरडी की लडी लवकर वाळते आणि धागा पुष्कळ सरळ होतो. काकूंचा स्वेटर पातळ लोकरीचा होता, म्हणून त्याचे चार धागे एकत्र घेतले.

तयार वस्तू दोरीवर टांगू नका. जाड लोकर ओली झाली की स्वतःच्या वजनाने लांबते. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि गच्चीवर सावलीत आडवी पसरायची. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री किंवा वाफ अजिबात नको. एकदा ते लुळं पडलं की पुन्हा फुगत नाही, आणि फुगीरपणा गेला म्हणजे ऊबही गेली.

आता संक्रांतीचं हळदीकुंकू जवळ आलं आहे. वाणाला यंदा प्लॅस्टिकचे डबे नकोत असं मनात आहे. उरलेल्या लोकरीतून कानपट्ट्या करते आहे: ८ मिलीमीटरची सुई, १२ टाके, सगळ्या ओळी सुलट, १८ इंच लांब, टोकं जोडून मधे एक चुणी. एका पट्टीला ४०-५० ग्रॅम पुरतात आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतंच, त्यामुळे हाताशी वेळ आहे. त्यानंतर भाचीसाठी लहान मापाची गळपट्टी सुयांवर चढवायची आहे. तिची मान १० इंचांची, तेव्हा एकच वेढा, डोक्यातून सहज जाईल असा १९-२० इंचांचा घेर, आणि टाके २३. ती गाडीवर पुढे उभी राहते, सगळा वारा आधी तिलाच लागतो, म्हणून उंची हनुवटीच्या वर नाकापर्यंत ओढता येईल एवढी ठेवायची की आतून सुती अस्तर लावायचं, यावर अजून काकूंशी बोलणं चालू आहे. काकू अस्तराच्या बाजूने आहेत.