निळा घोडा

"काकू, फोटो पाठवलेत. घेऊ का?"

महिन्यातून एकदोनदा तरी असा निरोप येतो. पाठवणारा बहुधा डॅलसच्या आसपासचाच, आपल्याच कुणाच्या तरी ओळखीतला. फोटोत एखादी जुनी स्मिथ अँड वेसन नाहीतर कोल्ट, लख्ख चमकणारी. गणपतीला मंडळात जेवणाच्या रांगेतही तोच प्रश्न: जुनी रिव्हॉल्वर खरी कशी आहे हे घेण्याआधी तुम्ही ओळखता कसं? तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वर्षी माझी पुरी गार होणार नाही.

मी मेकॅनिकलची. आधी भोसरीला आणि मग इथे, सगळी नोकरी क्वालिटीत गेली. दुसऱ्यानं केलेला माल नाकारायचा पगार घेतला म्हणा ना. रिव्हॉल्वरचा नाद लागला तो नेमबाजीमुळे नाही, फिटिंगमुळे. 1930 च्या दशकातली चांगली स्मिथ हातात घेऊन तिच्या उजव्या अंगावरून नख फिरवा. साइडप्लेट, म्हणजे आतली यंत्रणा झाकणारी पट्टी, फ्रेममध्ये (सांगाड्यात) अशी बसवलेली असते की जोड डोळ्यांना दिसतो, पण नखाला लागत नाही.

पहिली खरेदी मात्र सपशेल फसली. एका लहानशा गावातला गन शो, म्हणजे बंदुकांचं विक्री-प्रदर्शन होतं. स्मिथचं मिलिटरी अँड पोलीस मॉडेल, .38 स्पेशल काडतुसाचं, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. विकणारा म्हणाला, ड्रॉवरमध्येच पडून होती, वापरलीच नाही कुणी. दिसत तर तशीच होती. हे सगळं तो माझ्या नवऱ्याला सांगत होता, आणि नवऱ्याचं लक्ष समोरच्या पॉपकॉर्नच्या गाडीकडे होतं. मी पैसे मोजले. घरी येऊन ओट्यावरच्या ट्यूबखाली धरली, तर घोडा निळा!

घोडा म्हणजे हॅमर. गंजू नये म्हणून पोलादावर रसायनानं निळा-काळा थर आणतात, ते ब्लूइंग. पण त्या काळात स्मिथ अँड वेसन निळ्या रिव्हॉल्वरचे घोडा आणि चाप निळे करत नसे. ते दोन भाग केस-हार्डन, म्हणजे तापवून वरचा थर कडक केलेले असत. त्यांच्यावर राखाडी, तपकिरी, निळसर ढग उमटतात, पावसात रस्त्यावरच्या डबक्यात पेट्रोल सांडल्यावर दिसतात तसे. माझ्या गनवर ढगबिग काही नव्हते. कुणीतरी ती सुटी करून, सगळे भाग बफवर धरून, घोड्याचापासकट एकाच हौदात बुडवून काढली होती. एकदा हे दिसल्यावर बाकीचं आपोआप दिसायला लागलं. स्क्रूच्या भोकांच्या कडा धारदार असायला हव्या होत्या, त्या बशीसारख्या खोलगट झाल्या होत्या. नळीवरची अक्षरं एका बाजूला ठसठशीत आणि दुसऱ्या बाजूला पुसट. फ्रेमचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल. आणि साइडप्लेटचा तो जोड नखाला लागत होता.

मालकानं गन कारखान्यात परत पाठवून नवं ब्लूइंग करून घेतलेलं असू शकतं. तसं असेल तर नंबरापाशी बारीक चांदणीचा शिक्का आणि मुठीखालच्या फ्रेमवर महिना-वर्ष कोरलेलं सापडतं. माझ्या गनवर दोन्ही नव्हतं. मूळ ब्लूइंग गेलं की संग्राहकाच्या लेखी किंमत निम्म्यावर येते, निदान माझ्या अनुभवात तरी. कोल्टला मात्र घोड्याचा हा नियम लावू नका. त्यांच्या बऱ्याच मॉडेलांचा घोडा मुळातच निळा असून फक्त बाजूंनी घासून पांढरा केलेला असतो.

तेव्हापासून मी चमक बघत नाही. झीज बघते, आणि ती एकमेकींशी जुळते का ते बघते. वीस वर्षं पोलिसाच्या कमरेला असलेली गन घ्या. होल्स्टरमध्ये आत-बाहेर होऊन नळीचं तोंड आणि गोळ्या भरायच्या फिरत्या सिलिंडरच्या कडा पांढऱ्या पडलेल्या असतील, तळव्याच्या घामानं मुठीमागची पट्टी तपकिरी झालेली असेल, मुठीच्या लाकडावर कोरलेली जाळी गुळगुळीत असेल. सिलिंडरभोवती बोल्टनं, म्हणजे सिलिंडर जागच्या जागी अडकवणाऱ्या खिट्टीनं, घासलेली एक बारीक रेघ असेल. आत बघावं तर नळी आरशासारखी, कारण बिचाऱ्यानं वर्षातून एकदा परीक्षेपुरत्याच गोळ्या झाडल्या. बाहेरून भिकारी, आतून सावकार. अशी मिळाली तर मी घासाघीसही करत नाही. उलट निळाई नव्वद टक्क्यांच्या वर शिल्लक, पण लाकडाची जाळी घासून सपाट, असं दिसलं तर दोन्हींपैकी एक गोष्ट नंतरची आहे. निळाई तरी, नाहीतर मूठ तरी.

टक्क्यांचं म्हणाल तर विक्रेत्याच्या पाटीवरचा 98 टक्के हा आकडा मी 90 असा वाचते.

निकेलचा मुलामा म्हणजे तर कल्हईच. आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा तेव्हा आजी भांडं उलटं करून बुडाकडून बघायची. आतून तर काय, सगळीच चांदीसारखी दिसत. गंजाचे खड्डे पडलेल्या रिव्हॉल्वरवर निकेल चढवलं की टेबलावरच्या दिव्यात खड्डे दिसत नाहीत. दिवा आडवा धरायचा, उजेड पृष्ठभागावरून सरपटत गेला पाहिजे. मग चकाकीच्या खाली देवीचे व्रण दिसतात. निळ्या गनचा गंज मुठीखाली लपतो. लाकूड किंवा रबर घाम आणि ओल धरून ठेवतं, म्हणून मूठ काढून दाखवायची विनंती मी नेहमी करते. स्क्रूड्रायव्हर विकणाऱ्यालाच चालवू द्यायचा. त्याच्या हातून स्क्रूची खाच फाटली तर ती त्याची.

आता यंत्राचं. शोमध्ये गनला प्लॅस्टिकची पट्टी बांधलेली असते, ती कापायला सांगा, आणि चाप दाबण्याआधी विचारा. सिलिंडर उघडून गोळ्यांची सहाही घरं डोळ्यांनी बघायची आणि बोटानं चाचपायची. त्याने आत्ताच तपासलेली असली तरी.

मग सिलिंडरवर बोटाचा अगदी हलका दाब ठेवून घोडा सावकाश मागे ओढायचा. घोडा पूर्ण मागे अडकण्याआधी बोल्ट खाचेत 'टक' करून बसला पाहिजे. सहाही घरांना. पाच बरोबर आणि एक उशिरा असं पुष्कळदा असतं, आणि विकणारा तुम्हाला पहिली तीनच करून दाखवतो. घोडा मागे असताना अंगठ्यानं पुढे ढकलून बघायचा. चाप न दाबता तो पडला तर गन टेबलावर ठेवून पुढे चालायला लागा. सिलिंडर डावी-उजवी हलवून बघताना स्मिथ आणि कोल्ट एका मापानं मोजू नका. स्मिथमध्ये किंचित खुळखुळ चालते. कोल्टची जुनी पायथन, म्हणजे 1955 साली आलेली, चाप दाबून धरल्यावर सिलिंडर तिजोरीसारखा गच्च धरते. तिच्यात तीच खुळखुळ म्हणजे हँड (सिलिंडर फिरवणारा आतला दांडा) झिजला, आणि तो बसवणारे जुने कारागीर आता फार उरले नाहीत. 2020 ची नवी पायथन आतून वेगळी आहे.

फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, माझ्या पर्समध्ये असतं. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट चार ते आठ थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असेल तर मी समाधानी. सिलिंडर मागे रेटून एकदा आणि पुढे रेटून एकदा मापायची. फरक एकदोन थाऊंपेक्षा जास्त आला तर गन भरपूर चाललेली आहे, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. सिनेमातल्यासारखं मनगट झटकून सिलिंडर बंद करणाऱ्यांनी किती क्रेन, म्हणजे सिलिंडर बाहेर काढणारे हात, वाकवून ठेवल्यात, त्याला गणती नाही. नळीतून उजेडाकडे बघताना आत कुठे काळी अंगठीसारखी सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे. स्मिथचं मॉडेल 19 बघत असाल तर नळीच्या मागच्या तोंडाला, खालच्या बाजूला, केसासारखी चीर शोधा. तिथे धातू पातळ आहे आणि हलक्या, गरम .357 गोळ्यांनी तो तडकतो.

स्वस्त म्हणून सगळे जिच्यामागे लागतात ती व्हिक्टरी मॉडेल. महायुद्धात ब्रिटन आणि राष्ट्रकुलाकडे पाच लाखांहून जास्त गेल्या, त्यांतल्या बऱ्याच जणींच्या नंबराआधी V. त्या .38 स्मिथ अँड वेसन काडतुसाच्या. युद्धानंतर भंगाराच्या भावानं अमेरिकेत परत आल्या तेव्हा व्यापाऱ्यांनी कित्येकींची घरं .38 स्पेशलसाठी रीमरनं लांबवली, नळ्याही कापल्या. मूळ काडतुसाचं केस (पितळी नळकांडं) 0.775 इंच लांब, स्पेशलचं 1.155; पण मूळ केस जाडीला जास्त असल्यामुळे स्पेशलचं केस त्या घरात सैल पडतं, फुगतं, फाटतं. घरात टॉर्च मारून आतला कंगोरा कुठे आहे ते बघा. नळी कापलेली असेल तर तिच्यावरची अक्षरं मध्यावर राहत नाहीत.

नंबर शेवटी, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. महायुद्धाआधीच्या स्मिथवर तोच नंबर मुठीच्या बुडाला, सिलिंडरच्या मागच्या अंगाला, नळीखालच्या सपाट भागावर आणि उजव्या लाकडाच्या आतल्या बाजूला असतो. लाकडावरचा नंबर बघायला पुन्हा मूठ काढावी लागते, आणि तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं. खोका मिळाला तर त्याच्या बुडावरचा नंबरही ताडून बघा. रिकामे खोके वेगळे विकले जातात, त्यांचा स्वतंत्र धंदा आहे. फार महागाची असेल तर स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशन किंवा कोल्ट अर्काइव्हचं पत्र मागवायचं. गन कारखान्यातून कधी, कुठे आणि कुठल्या फिनिशमध्ये बाहेर पडली ते त्यात येतं. "निकेल" म्हणून घेतलेली गन पत्रात "ब्लू" निघाल्यावर माझा एक मित्र महिनाभर कुणाशी बोलला नव्हता.

हे सगळं भारतात नेता येईल का, असंही विचारतात. सहजासहजी नाही. तिथे 1959 चा शस्त्र कायदा आहे, आणि माझ्या भावाच्या मते आमच्या घरात एकीचं डोकं फिरलंय तेवढं पुरे.

तर सौरभ, तुझे कालचे फोटो पाहिले. निळाई सुरेख आहे. उजव्या बाजूच्या स्क्रूच्या खाचा फाटलेल्या आहेत, आणि घोड्याचा फोटो सहाही फोटोंत नाही. विकणाऱ्याकडून घोड्याचा मागून आणि मुठीच्या आतल्या नंबराचा, असे दोन फोटो मागव. उन्हात काढायला सांग, फ्लॅश नको.