शांता आपटे, प्रभातच्या फाटकाबाहेर

सोमवार, रात्र

आज शांता आपट्यांचा 'कुंकू' चित्रपट पुन्हा पाहिला. घरात कुणी नव्हतं, त्यामुळे हवा तो प्रसंग मागे नेऊन परत बघता आला. डोकं अजून त्यातच अडकलंय, म्हणून झोपायच्या आधी लिहून काढते.

शांताबाई झाल्यात नीरा, मामाने पैशांपायी म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधलेली. असल्या पोरीने कपाळाला हात लावून रडत बसायचं, ही तेव्हाची रीत. नीरा रडत बसत नाही. नवऱ्याला नवरा मानायला ती नकार देते, आणि तोंडावर देते. सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा छडी घेऊन त्याला झोडपून काढते. नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवरून शांतारामबापूंनी, म्हणजे व्ही. शांतारामांनी, हा चित्रपट १९३७ साली केला. त्या काळी असे जरठकुमारी विवाह होतच होते, त्यामुळे थिएटरात बसलेल्या कितीतरी बायकांना ही आपलीच कहाणी वाटली असेल.

चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले आणि रस्त्यावरचे आवाज तेवढे येतात, भिंतीवरच्या घड्याळाचे टोले ऐकू येतात. एवढ्या मोकळ्या जागेत खोटा अभिनय लगेच उघडा पडतो. शांताबाई कुठेच खोट्या वाटत नाहीत. संतापाने नाकपुडी थरथरते, आवाज चढता चढता मध्येच आवरला जातो, आणि दुसऱ्याच क्षणी लहान नणंदेसारख्या पोरीबरोबर त्या पोरीसारख्याच हसतात. आज मी सगळ्यात जास्त वेळा तो हसण्याचा भाग पाहिला. कारण रागीट नीरा सगळ्यांना आठवते, पण ती मुळात खेळकर मुलगी आहे आणि तिचं तेच कुणीतरी हिरावून घेतलंय, हे त्या हसण्यातून कळतं.

आणि गाणं! बोलपटाच्या सुरुवातीला गाणारी मंडळी बहुधा एका जागी उभी राहून गात. शांताबाईंचे डोळे, मान, हात सगळं गाण्याबरोबर चालतं. पंढरपूरला त्या गाणं रीतसर शिकल्या होत्या. 'अमृतमंथन'पासून संगीतकार केशवराव भोळ्यांच्या चाली त्यांच्या गळ्यात बसल्या. 'अमरज्योती'तलं 'सुनो सुनो बन के प्राणी' मास्टर कृष्णरावांचं, तेही असंच मोकळं. 'कुंकू'त 'भारती सृष्टीचे सौंदर्य खेळे' आहे, आणि एके ठिकाणी त्या चक्क अमेरिकन कवी लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. जगाच्या रणांगणावर मुक्या, हाकलल्या जाणाऱ्या गुरांसारखे राहू नका, असं ती कविता सांगते. वाड्यात कोंडलेल्या मुलीच्या तोंडी हे घालणाऱ्याचं कौतुक वाटतं. गाणारीचं त्याहून जास्त, कारण ती ते शब्द घोकलेले वाटू देत नाही.

पण शेवट मला आजही पटला नाही. नीराच्या नवऱ्याला, काकासाहेबांना, पश्चात्ताप होतो आणि ते जीव देऊन नीराला मोकळं करतात, चिठ्ठीत तिला पुन्हा लग्न करायला सांगतात. केशवराव दाते इतके थोर नट की त्या म्हाताऱ्याची कणव आल्याशिवाय राहत नाही. मात्र एवढं भांडलेल्या मुलीची सुटका अखेर त्याच्याच हातून का व्हावी? तिच्या लढ्याचं फळ तिला दान म्हणून मिळतं. १९३७ साली याहून पुढे जाणं अवघड होतं हे मान्य, तरी ते सलतं.

म्हणूनच पुढे जे घडलं ते मला या चित्रपटाइतकंच मोलाचं वाटतं. १९३९ च्या जुलैत शांता आपटे, 'कुंकू' काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. पडद्यावरची नीरा नव्हे, कंपनीची पगारी नटी. वाद पगाराचा होता, कराराचा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं होतं. तेच हत्यार एका नटीने आपल्या कामाच्या ठिकाणी उचललं. आणि प्रभात म्हणजे काही लहानसहान कंपनी नव्हती. पुण्याची शान होती ती. 'संत तुकाराम' देणारी, शिस्तीसाठी नावाजलेली. शांताबाईंना खरी कीर्ती तिथेच मिळाली होती. जिथे नाव मिळालं तिथल्याच दाराशी सगळ्या गावासमोर हक्क मागायला बसणं सोपं नव्हे. परक्याशी भांडणं त्यापुढे काहीच नाही. इथे मात्र तिची बाजू मांडायला कुठला कादंबरीकार नव्हता, पश्चात्ताप पावणारे काकासाहेबही नव्हते.

त्या जागी आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. मी कित्येक वर्षं त्या रस्त्याने जाते-येते. प्रभातची आठवण तिथे आहे, तिच्या संस्थापकांतल्या दामले-फत्तेलालांची आहे, शांतारामबापूंची आहे. ती असायलाच हवी. शांताबाईंच्या उपोषणाची गोष्ट मात्र मला पुण्यात कुणी आपणहून सांगितली नाही.

दुसऱ्याच वर्षी त्यांचं 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक आलं. त्या काळच्या नटीच्या हातून लोकांनी आठवणी, किस्से, फार तर देवाधर्माचं काही अपेक्षिलं असतं. यांनी लिहिलं ते धंद्याबद्दल: मालक कोण, राबतो कोण, पैसा कुठे जातो, सिनेमाच्या ओढीने येणाऱ्या नवख्या मुला-मुलींनी काय ओळखून यावं. स्टुडिओत काम करणारा माणूस कामगार आहे, हे एवढ्या स्पष्टपणे एका अभिनेत्रीने १९४० साली म्हटलं. मला याचा फार अभिमान वाटतो.

प्रभात सुटल्यावर त्या थांबल्या नाहीत. १९४१ च्या तमिळ 'सावित्री'साठी त्या तमिळ शिकल्या. त्यात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी! पुढे लाहोरचा 'जमीनदार', नूरजहाँबरोबर 'दुहाई', आणि १९४६ साली मास्टर विनायकांचा 'सुभद्रा'. त्यात त्यांच्याबरोबर गायला, काम करायला एक सतरा वर्षांची मुलगी होती, लता मंगेशकर. वसंत देसाईंच्या संगीतातलं त्या दोघींचं 'मैं खिली खिली फुलवारी' अवश्य ऐकावं. एक आवाज स्वतः पडद्यावर गाण्याच्या जमान्यातला, दुसरा पार्श्वगायनाचा सगळा जमाना घडवणारा. गाणाऱ्या नट्यांचा काळ त्यानंतर झपाट्याने ओसरला आणि शांताबाईंच्या भूमिकाही. १९५० च्या दशकात कामं येत राहिली, पण नीरासारखं कुणी त्यांच्या वाट्याला आलं नाही. १९६४ च्या फेब्रुवारीत अंधेरीला त्या गेल्या, पन्नाशीही न गाठता.

'कुंकू' लोक अजून बघतात, त्याचा आनंदच आहे. पण नीरा लेखकाने लिहिली होती आणि दिग्दर्शकाने घडवली होती. फाटकाशी बसायचं आणि नंतर ते पुस्तक लिहायचं, हे शांताबाईंनी स्वतः ठरवलं. आमच्या भागातल्या नाटकात काम करणाऱ्या पोरी परवा मानधनाबद्दल दबक्या आवाजात बोलत होत्या. पुढच्या तालमीला त्यांना आधी हे सांगणार आहे, 'कुंकू' नंतर दाखवीन.