एक्सव्ही-६ डायरी, तिसरा रविवार: प्राइम्स १३ वर अडकले

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो, एमआयटीचा ऑपरेटिंग सिस्टिम्सचा कोर्स मी गेल्या वर्षी घरी बसून केला, त्यातलं एक्सव्ही-६ हे छोटं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) २००६ साली शिकवण्यासाठीच लिहिलंय, १९७५ च्या युनिक्स व्हर्जन ६ च्या धर्तीवर, आणि आता ते रिस्क-फाइव्ह जातीच्या प्रोसेसरवर चालतं. यंदा बिल्डिंगमधल्या थर्ड इयरच्या दोन मुलींना तोच कोर्स दाखवायला घेतलाय. राउंड रॉबिनची (पाळीपाळीने सीपीयू वाटायची) गणितं दोघी झोपेतसुद्धा सोडवतील, पण चालू प्रोसेस, म्हणजे चालत असलेला प्रोग्रॅम, डोळ्यांनी कधी बघितलीच नव्हती.

पहिले दोन रविवार क्यूएमू (कॉम्प्युटरच्या आत नकली कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम) बसवण्यात आणि स्लीप, पिंगपाँग या सुरुवातीच्या प्रोग्रॅममध्ये गेले. काल प्राइम्स घेतलं, म्हणजे मूळ संख्या छापणारा प्रोग्रॅम. आयडिया डग मॅकिलरॉय यांची, ज्यांच्यामुळे युनिक्सला पाईप मिळाले, म्हणजे एका प्रोसेसचा डेटा दुसरीकडे नेणाऱ्या नळ्या. पहिली प्रोसेस २ ते ३५ आकडे पाईपात ढकलते, पुढची प्रोसेस आलेला पहिला आकडा छापते आणि त्याने भाग जात नाही तेवढेच पुढे सोडते, म्हणजे एकीखाली एक चाळण्याच लावल्यात. लॉजिक पटकन जमलं. रन केलं तर २, ३, ५, ७, ११, १३ आणि मग गप्प, प्रॉम्प्टसुद्धा (पुढची कमांड मागणारं डॉलरचं चिन्ह) परत येईना.

उत्तर अगदी ओठांवर आलं होतं पण गिळलं, फक्त म्हटलं कंट्रोल-पी दाबा. त्याने सगळ्या प्रोसेसची यादी येते. खाली प्राइम्स, प्राइम्स, प्राइम्स, प्रत्येकीपुढे स्लीप. "काका, सगळ्याच झोपल्यात, मग उठवणार कोण?" एकीने विचारलं. हा प्रश्न तिला स्वतःहून पडला ना, तिथेच माझा रविवार सार्थकी लागला!

मग वही काढली. फोर्क केलं, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत (तिचं पोर) काढली, की उघडे डिस्क्रिप्टर (उघड्या फाइल आणि पाईपांचे नंबर) पोराकडे जसेच्या तसे जातात. सुरुवातीचे ३ आणि सहा पाईपांचे, रीड आणि राइट अशी दोन-दोन टोकं धरून, १२, झाले १५. एका प्रोसेसला मर्यादा १६. सातव्या पाईपला दोन जागा हव्यात, उरली एक, म्हणून १७ आलाच नाही. जुनी रीडची टोकं क्लोज केल्यावर ३१ पर्यंत गाडी गेली, प्रॉम्प्ट तरीही नाही, आणि इथे पाऊण तास गेला. राइटचं टोक कुठेही उघडं असेल तर रीड शून्य (म्हणजे 'डेटा संपला') देत नाही, वाटच बघत बसतं, आणि ते उघडं टोक त्याच पोराच्या हातात होतं, म्हणजे ते स्वतःचीच वाट बघत होतं. हे दोघींनी चित्र काढून शोधलं, मी बोट लावलं नाही. एक क्लोज टाकला आणि डॉलर परत आला.

पुढच्या रविवारी सिस्टम कॉलची (प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागायची) लॅब, त्यातल्या ट्रेस या प्रोग्रॅमपासून. त्यानंतर पेज टेबल (प्रोग्रॅमचा पत्ता खऱ्या मेमरीतल्या जागेशी जोडणारा तक्ता), तिथे ३९ बिटांचा पत्ता ९, ९, ९ आणि १२ असा कागदी पट्ट्या कापून दाखवायचा विचार आहे, कोणी असं केलं असेल तर कसं जमलं ते नक्की लिहा.