देवाला काय लागतं?

"आमच्या महालक्ष्म्यांले आंबील लागते, गणपतीले मोदक लागते, महादेवाले बेल लागते. तुमच्या देवाले काय लागते, ताई?"

शेजारच्या काकू हे विचारतात तेव्हा त्यांच्या हातात पळी असते आणि पातेल्यात ज्वारीची आंबील रटरटत असते. महालक्ष्म्यांच्या जेवणाला त्या मला दरवर्षी बोलावतात आणि हा प्रश्नही दरवर्षी येतो. आमच्या चर्चमधली तरुण पोरं तोच प्रश्न वेगळ्या तोंडानं विचारतात. देव माझ्यावर खूश असेल का हो, म्हणतात. देवाला आनंद कशात वाटतो, असं आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट बसून लिहिते.

आधी काकूंचा शब्द घेते, 'लागते'. बायबलमधल्या पन्नासाव्या स्तोत्रात देव म्हणतो, मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण जग आणि जगातलं सगळं माझंच आहे. लहानपणी हे मला तुटक वाटायचं. पुढे योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय वाचताना ते उलगडलं. तिथे येशू पित्याला म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. म्हणजे डोंगर नव्हते, समुद्र नव्हता, माणूस नव्हता, तेव्हाही पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यात प्रीती भरून वाहत होती. कुणीतरी आपली स्तुती करावी म्हणून देव एकटा ताटकळत बसला होता, असं आम्ही मानत नाही. त्याला काही कमीच नाही. तेव्हा काकू, लागत काहीच नाही.

आवडतं मात्र पुष्कळ. एकशे चाराव्या स्तोत्रात बघा, रानगाढवं झऱ्यावर तहान भागवतात, करकोचा झाडावर घर करतो, सिंहाचे छावे भक्ष्यासाठी गर्जना करतात. आणि समुद्रात तो लिव्याथान नावाचा अजस्र प्राणी, ज्याला देवानं तिथे खेळायला घडवलं. खेळायला! माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि हे सगळं सांगून झाल्यावर स्तोत्रकर्ता म्हणतो, परमेश्वराला आपल्या कृतींचा आनंद होवो. मला ही ओळ फार प्रिय आहे. आपण जन्मायच्या कितीतरी आधीपासून देव आनंदात आहे, आणि त्या आनंदाच्या घरात आपण आलो आहोत.

आता वडिलांबद्दल सांगते. त्यांच्यावाचून मला हा विषय मांडताच येत नाही.

नागपुरातल्या मोहननगरात त्यांचं किराण्याचं छोटं दुकान होतं. सकाळी फळी उघडली की प्रार्थना, आणि प्रार्थनेनंतर पहिलं काम तराजूचं. रिकामी तागडी उचलून धरायची, काटा मधोमध येतो का बघायचा, पासंग असेल तर काढायचा. मग दोन्ही पारड्यांच्या बुडाखालून अंगठा फिरवायचा. गूळ तोलला की मालाच्या पारड्याला चिकटा राहतो. तो चिकटा पुढच्या गिऱ्हाइकाच्या डाळीत मोजला जातो आणि तेवढी डाळ त्याला कमी जाते. म्हणून गूळ दिला की वडील ओल्या फडक्यानं पारडं पुसायचे, समोर कितीही गर्दी असली तरी. गिऱ्हाईक कुरकुरायचं, "अहो, द्या ना लवकर." ते पुसून होईपर्यंत मान वर करायचे नाहीत.

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाचं पहिलंच वचन त्यांना पाठ होतं. खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट येतो, आणि पुऱ्या वजनानं त्याला आनंद होतो. मूळ हिब्रूत 'वजन' या जागी 'दगड' आहे, कारण त्या काळी वजनं दगडाचीच असत. लबाड व्यापारी पिशवीत दोन दगड बाळगायचा, घेताना जड आणि देताना हलका. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात त्याला साफ मनाई आहे. पण मला थक्क करतो तो 'आनंद' हा शब्द. हिब्रूत तो 'रत्सोन'. लेवीय या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात वेदीवरचं अर्पण देवाला मान्य व्हावं असं म्हणताना हाच शब्द आला आहे. म्हणजे वेदीवर जे चालतं, त्याच्याच पंक्तीला तागडी बसवली आहे. मोहननगरातलं ते ओलं फडकं अर्पण होतं, असं मी अगदी शब्दशः मानते.

इथवर सांगितलं की पोरांचा चेहरा पडतो. त्यांना वाटतं, म्हणजे देवापुढे सगळा तोलूनमापूनच हिशेब. मग मी त्यांना दहावीचा निकाल सांगते.

जूनचा महिना होता, पाऊस यायचाच होता. निकाल दुपारी लागणार आणि वडील सकाळीच सीताबर्डीवरून संत्रा बर्फी घेऊन आले. डबा गल्ल्याशेजारी ठेवला. दुपारी मी शाळेतून परतले ती गणितात नापास होऊन. दुकानाच्या पायरीपाशी थांबले, वर पाऊल टाकवेना. वडिलांनी गुणपत्रिका घेतली, वाचली, घडी करून खिशात ठेवली. मग डब्याचा दोरा तोडला आणि एक वडी माझ्या हातावर ठेवली. "खा," म्हणाले. मी म्हटलं, "अहो बाबा, मी नापास झाले." ते म्हणाले, "बर्फी सकाळी आणली होती."

गुळाचा चिकटा पुसणारा माणूस तोच.

मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात येशूचा बाप्तिस्मा आहे. तो पाण्यातून वर येतो आणि आकाशातून वाणी होते की हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर या शुभवर्तमानात त्यानं एकही आजारी बरा केलेला नाही, एकही प्रवचन दिलेलं नाही. पित्याचा संतोष आधीच आलेला आहे. आणि ख्रिस्ताच्या ठायी आपल्यालाही देवानं लेकरं करून घेतलं आहे, तेव्हा तोच संतोष आपल्याही वाट्याला येतो. आमच्या विश्वासाचा गाभा हाच आहे. यापेक्षा मोठं मला काही सांगता येत नाही.

मग तागडी कशाला पुसायची? यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, नवव्या अध्यायात देव म्हणतो की पृथ्वीवर दया, न्याय आणि नीतिमत्त्व चालवणारा मी आहे, आणि यांतच मला आनंद आहे. हे सगळं तो स्वतःच करत असतो. आपण पुरं वजन देतो तेव्हा बापाच्या आवडीचं काम त्याच्या शेजारी बसून करतो. मीखा म्हणतो, त्याला दया करण्यात आनंद वाटतो. यहेज्केल म्हणतो, दुष्टाच्या मरणात त्याला संतोष नाही, दुष्टानं मागे फिरावं आणि जगावं यात आहे.

एक वचन मात्र मला अजून जड जातं. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात लिहिलं आहे की देवाच्या सेवकाला, ज्याच्यात आम्ही येशूला बघतो, ठेचणं परमेश्वराच्या मर्जीला आलं. यहेज्केलच्या त्या वचनात 'संतोष' या जागी जो हिब्रू शब्द आहे, तोच इथे 'मर्जी'च्या जागी आहे. पित्याला पुत्राच्या वेदना आवडल्या, असं मी कधीही म्हणणार नाही. पुढच्याच वचनात तो सेवक आपल्या कष्टाचं फळ बघून तृप्त होतो, असं आहे. इब्रीकरांस पत्रात म्हटलं आहे की समोर ठेवलेल्या आनंदासाठी येशूनं वधस्तंभ सोसला. तो आनंद कुठला? मला वाटतं, हरवलेलं मेंढरू खांद्यावर घेऊन घरी येणाऱ्या मेंढपाळाचा. हे म्हणताना माझा आवाज अजूनही हलतो.

यंदा काकूंना मी सफन्या संदेष्ट्याच्या पुस्तकाबद्दल सांगितलं. तिसऱ्या अध्यायाच्या सतराव्या वचनात देव आपल्या लोकांवर हर्ष करतो, प्रीतीनं स्तब्ध होतो आणि मग गातो. आपल्याला बघून गातो, काकू.

काकूंची पळी थांबली. "गाते? देव?"

"हो."

त्यांनी आंबील वाटीत ओतली, वरून दूध घातलं, वाटी माझ्याकडे सरकवली. "आवाज कसा असन वं त्याचा?"