पेटी घेऊन आलेला पेशंट

ओपीडीत लोक एक्सरे आणि फायलींचे गठ्ठे घेऊन येतात. त्या दिवशी एक गृहस्थ पेटी घेऊन आले. खाली सिक्युरिटीवाल्याने खोका उघडायला लावला होता, त्याची चीड अजून चेहऱ्यावर होती. वय चाळिशीच्या पुढे, गायकांना साथ करणं हाच व्यवसाय, शिवाय घरी चार शिष्य.

फाईल माझ्या अपेक्षेपेक्षा जाड निघाली. मानेचा एमआरआय नॉर्मल, हाताच्या नसांची तपासणी नॉर्मल. कुणी मानेला पट्टा दिलेला, कुणी व्हिटॅमिनं, कुणी 'टेन्शन घेऊ नका' म्हणून बोळवण केलेली. तीन वर्षं हेच. हात दुखत नाही, मुंग्या नाहीत. सही करता येते, शर्टाची बटणं लागतात. फक्त पेटीवर हात ठेवला की घात होतो.

"वाजवा बघू," मी म्हटलं.

तपासणीच्या टेबलावर पेटी ठेवून त्यांनी तीनतालातला नगमा धरला. संथ लयीत हात सुरेख चालला होता. बाहेरच्या बाकांवरची कुजबुज थांबली. मग त्यांनी लय वाढवली, आणि उजव्या हाताची अनामिका जरा ओढल्यासारखी झाली. तिच्या पाठोपाठ करंगळी तळहातात शिरली, गोगलगाय शंखात जाते तशी.

"हे असं, मॅडम. मी रियाज दुप्पट करून पाहिला. आणखी बिघडलं."

बिघडणारच होतं. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. व्यावसायिक वादकांत साधारण शंभरातल्या एकाला होतो. दोष बोटात नसतो, मेंदूत असतो. त्याच त्या बारीक हालचाली वर्षानुवर्षं घोटल्या की मेंदूत शेजारशेजारच्या बोटांच्या हद्दी एकमेकांत मिसळू लागतात. हुकूम एका बोटाला जातो, पाळतं दुसरंच.

मी ड्रॉवरमधून ऑपरेशनचा पातळ हातमोजा काढून दिला. "हा घालून वाजवा." त्यांना चेष्टा वाटली असावी. पण मोजा घालून लय वाढवली आणि करंगळी बाहेरच राहिली! दोन-तीन मिनिटं. मग पुन्हा आत. स्पर्शाचा निरोप बदलला की मेंदू थोडा वेळ फसतो; सगळ्यांचा फसत नाही, आणि फार काळ तर कुणाचाच नाही. पण तेवढ्या दोन मिनिटांत त्यांचे डोळे भरून आले. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कळलं होतं की बोट मेलेलं नाही.

अशा वेळी मी लिऑन फ्लायशरची गोष्ट सांगते. अमेरिकन पियानोवादक, जन्म 1928, सॅन फ्रान्सिस्को. नवव्या वर्षापासून आर्तुर श्नाबेलकडे शिकला. श्नाबेल लेशेटित्स्कीचा शिष्य, तो चेर्नीचा आणि चेर्नी खुद्द बीथोव्हनचा. "म्हणजे घराणंच की," पेटीवाले म्हणाले. अगदी. सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर वाजवलं, 1952 मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली, जॉर्ज सेल या कंडक्टरच्या क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबर बीथोव्हनचे पियानोचे पाचही कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्राच्या साथीने एका वादकाने वाजवायच्या रचना) रेकॉर्ड केले. आणि 1964 साली, छत्तिसाव्या वर्षी, उजव्या हाताची हीच दोन बोटं आत वळायला लागली. त्यानेही आधी रियाजच वाढवला होता.

मग मी नेहमीसारखी उडी मारली: नव्वदच्या दशकात आखडलेला स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं मिळाली, हात सुटला, 2004 मध्ये दोन्ही हातांनी वाजवलेली 'टू हँड्स' ही सीडी आली.

"मधली तीस वर्षं त्यांनी काय केलं?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. खरं सांगायचं तर मधली तीस वर्षं गाळली की गोष्ट औषधासारखी गिळता येते, म्हणून मी गाळत होते. मग खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं. आधी नैराश्य, इतकं की जीव द्यायचे विचार. मग केस वाढवून शेंडी बांधली, स्कूटर घेतली. (इथे ते हसले.) बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत शिष्य घडवले, ऑर्केस्ट्रा कंडक्ट केले आणि एकट्या डाव्या हाताने मैफली केल्या. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पाउल विट्गेनश्टाइन या पियानोवादकासाठी संगीतकार राव्हेलने खास रचलेला कॉन्चेर्टो त्याच्या हाती होताच. 1982 मध्ये दोन्ही हातांनी परतायचा एक प्रयत्न झाला, तो टिकला नाही. आणि बोटॉक्सने तो बरा झाला असंही नाही. इंजेक्शनं पुढे घेतच राहावी लागली. 2020 मध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी वारला, तोवर शिकवणं चालूच होतं.

"त्यांना दोन हातांचं वाद्य होतं," ते म्हणाले. "माझा डावा भात्यावर अडकलेला." जरा थांबून त्यांनी पेटी उलटी फिरवली, उजवा हात भात्यावर आणि डावा पट्ट्यांवर. वाजलं ते पहिल्या वर्षाच्या पोरासारखं. 'सा'सुद्धा चाचपडत सापडला.

नाव लिहून द्या म्हणाले, म्हणून प्रिस्क्रिप्शनच्याच कागदावर खाली लिहिलं. अर्ध्या तासाने मेडिकलमधून फोन: "मॅडम, हे फ्लायशर आपल्याकडे येत नाही, दुसऱ्या कंपनीचं चालेल का?"

बोटॉक्सचं इंजेक्शन पुढच्या आठवड्यात दिलं. सुई नेमक्या स्नायूत आहे ना हे मशीनवर ऐकून ठरवावं लागतं. बोट हलवलं की स्पीकरमधून कडकड येते. ते कान देऊन ऐकत होते. "बोट हललं की वाजतं, म्हणजे ही पण पेटीच," म्हणाले.

सहा आठवड्यांनी आले तेव्हा मी विचारायच्या आधीच हिशेब दिला: विलंबितात बोट बाहेर राहतं, मध्य लयीत बहुतेक वेळा, द्रुतात अजून नाही. करंगळीत जोर कमी वाटतो. तीन महिने झाले की पुन्हा टोचायचं ठरलंय. आणि डाव्या हाताने आता भूपाचे अलंकार येतात, शिष्य हसतात, पण येतात.